तीनदा ओढलेलं कुलूप

कुलूप लावल्यावर ते ओढून न बघता निघून जाणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं, निघायचं, कोपऱ्यावर थबकायचं, परत येऊन आणखी एकदा ओढायचं आणि मगच गावाला जायचं. पुण्यात आमच्या सोसायटीत सगळेच असं करत. मे महिन्यात आमच्या जिन्यात जाणाऱ्यांपेक्षा परत येणाऱ्यांचीच गर्दी जास्त असे. न्यूझीलंडला येऊन मला बरीच वर्षं झाली, पासपोर्टचा रंग बदलला, कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी आणि चपलांना जँडल्स म्हणायला लागलो, पण ही पद्धत मी सोडलेली नाही.

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये मात्र मी एकटा पडलो. शेजारच्या कॉलिनचं गॅरेज दिवसभर सताड उघडं असतं. आत एक बोट, गवत कापायची यंत्रं आणि भिंतभर हत्यारं. मी एकदा त्याला शेजारधर्म म्हणून याबद्दल सुचवलं, तर तो म्हणाला, "हे कोण नेणार, मेट?" बोटीकडे बघून मलाही तोच प्रश्न पडला, म्हणून मी विषय वाढवला नाही.

हे सगळं आधी सांगून ठेवतोय, कारण आमच्या इराच्या भयपटात जे झालं त्याचं खापर लोक एकट्या माझ्यावर फोडतात. खरं तर ते एका अख्ख्या संस्कृतीवर फुटायला हवं.

इरा आमची मुलगी. वेलिंग्टनला सिनेमा शिकते. मी जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपांचा इंजिनीअर, त्यामुळे माझं काम कुणाला दिसत नाही आणि तिचं काम सगळ्यांनी बघावं अशी तिची अपेक्षा. आमचं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पंधरावं लागल्यापासून तिने माझ्याकडे वाय-फायच्या पासवर्डपलीकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, की तिला शेवटच्या वर्षाची फिल्म करायचीय आणि त्यासाठी आमचं गॅरेज हवंय. शिवाय गॅरेजमधली पेटी हवीय. शिवाय मी जरा मदत केली तर बरं होईल. मला इतका आनंद झाला की मी गोष्ट काय आहे हे न विचारताच हो म्हणालो. विमलने, म्हणजे माझ्या बायकोने, ते विचारलं.

गोष्ट अशी होती. अमेरिकेतल्या कॉलेजांत म्हणे फ्रॅटर्निटी नावाची मंडळं असतात. तिथे नव्या पोरांना आत घेण्याआधी सीनियर लोक त्यांचे हाल हाल करतात, त्याला हेझिंग म्हणतात. इराच्या फिल्ममधले सीनियर एका नव्या मुलीला गंमत म्हणून पेटीत कोंडतात आणि पार्टीच्या नादात विसरून जातात. ती आत मरते, आणि मग भूत होऊन एकेकाला कोंडायला येते. मी म्हटलं, म्हणजे रॅगिंग. इरा म्हणाली, "इट्स नॉट द सेम, बाबा." फरक काय ते तिने सांगितलं, पण तोवर विमलने, असल्या मुलीचे आईबाप कुठे होते, हा प्रश्न उपस्थित केला आणि चर्चा तिकडे वळली.

वेलिंग्टनमध्ये भयपटांचा एक छोटासा महोत्सव भरतो, त्यात विद्यार्थ्यांच्या एकाच फिल्मला जागा असते. ती जागा मिळाली तर पुढे काहीतरी होणार होतं, नाही मिळाली तर इरा म्हणाली ती सरळ इन्शुरन्सच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी धरणार होती. हे तिने हसत सांगितलं, पण ती हसत नव्हती. फिल्म पाठवायची मुदत तोंडावर आलेली. त्यात भुताचं काम करणारी अनुष्का सोमवारी टौरंगाला किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाणार होती. थोडक्यात, मार्चमधला एकच शनिवार-रविवार हातात होता.

मदतीचं म्हणाल, तर मी ती मनापासून केली. गॅरेजच्या दारावर फ्रॅटर्निटीच्या पद्धतीप्रमाणे ग्रीक अक्षरं रंगवायची होती. पाय आणि सिग्मा मी इतके रेखीव काढले, की त्याच आठवड्यात दोन पालक गणिताच्या शिकवणीची चौकशी करून गेले. एकाला तर मी, गणपतीनंतर बघू, असं सांगूनही टाकलं.

पेटीची गोष्ट वेगळी. ती सागवानी पेटी आम्ही पुण्याहून सामान पाठवताना सुताराकडून करून घेतली होती. मोठं माणूस आत गुडघे दुमडून सहज बसेल एवढी. कडी-कोयंड्याचे बोल्ट आतून ठोकून बोथट केलेले, म्हणजे चोराला खोलता येऊ नयेत. वर अस्सल पितळी कुलूप. जहाजातून येताना मागच्या बाजूची एक फळी फुटली, ती मी इथे आल्यावर माझ्या हाताने नवी बसवली. त्या फळीबद्दल मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आलोय. पेटी एक वेळ मोडेल, पण ती फळी निघायची नाही, हे वाक्य विमल हल्ली माझ्याबरोबर ओठ हलवून म्हणते. इराच्या सांगण्यावरून मी पेटीला हवेसाठी भोकं पाडली, आणि कुलपाशेजारी एक चीर ठेवली, आतून बाहेरचं शूट करता यावं म्हणून.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र मी कुणी न सांगता केलं. शनिवारी आमच्या घरातून किंकाळ्या येणार. इथले लोक शांत, पण फोन करायला मागेपुढे पाहत नाहीत. म्हणून मी एक पत्रक छापलं आणि आसपासच्या सगळ्या लेटरबॉक्सांत टाकलं. त्यात लिहिलं होतं, की शनिवारी दुपारी आमच्या गॅरेजमधून स्त्रीच्या किंकाळ्या, दार ठोठावल्याचे आवाज आणि वाचवा अशा हाका ऐकू येतील. कृपया घाबरू नये, हा अभिनय आहे. शेवटी मी स्वतःच्या डोक्याने एक ओळ घातली, की तो अत्यंत खरा वाटला तरीही दुर्लक्ष करावं. एवढ्यावर न थांबता मी पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन करून तशी नोंदही करून ठेवली. इरा म्हणाली, एवढं कोणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच जगात घोटाळे होतात.

शनिवार उजाडला तो कडक उन्हाचा. विमलला वेलिंग्टनला ओळखीतल्या अस्मिताच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. तिने सकाळीच पेटीतली पितळी भांडी आणि गणपतीची आरास काढून पेटी रिकामी केली, कुलूप उघडंच कोयंड्यात अडकवलं आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली, कारण ती किल्ली तिच्या छल्ल्यात घराच्या किल्ल्यांबरोबर असते. जाता जाता ती मला म्हणाली, "ते कुलूप दाबू नका हं. किल्ली माझ्याकडे आहे." मी म्हटलं, मी काय लहान आहे? त्या दिवशी रुळांचं काम निघाल्यामुळे ट्रेन बंद आणि त्याऐवजी बस होती, म्हणून ती चिडूनच गेली.

शूटिंगची मुलं आली. अनुष्का, सीनियरचं काम करणारा गंधार आणि आवाज नि दिवे बघणारी आणखी दोघं. गंधार पुण्याहून शिकायला आलेला, फार नम्र मुलगा. कॅमेऱ्यासमोर मुलींना कोंडायचा आणि कट म्हटलं की लगेच त्यांना सॉरी म्हणायचा. आमच्या गल्लीतल्या सुयशचे वडील, मधुकरकाका, कायमचे इथे राहायला आलेत. बँकेतून निवृत्त, पण तरुणपणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत काम केलेलं, त्यामुळे अभिनयावर त्यांचा शब्द शेवटचा. ते सकाळीच नारळ घेऊन हजर झाले. मुहूर्ताशिवाय कॅमेरा सुरू करू नये असं त्यांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी, कळवलं होतं. काकांनी नारळ ड्राइव्हवेवर असा आपटला, की पाणी उडून दिव्याच्या प्लगवर गेलं, घरातली वीज गेली आणि नारळाचं एक शकल कॉलिनच्या बोटीत पडलं. कॉलिनने ते खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाला. वीज परत आणेपर्यंत पाऊण सकाळ गेली. इरा एकदाही रागावली नाही, फक्त सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

जेवणाची वेळ झाली. विमल बटाटेवडे करून गेली होती. मुलं हिरवळीवर बसली. इराने गंधारला सांगितलं, की ती तेवढ्यात आतून दिसणारा एक शॉट स्वतःच काढून घेते, कारण पेटीत ती आणि छोटा कॅमेरा यांखेरीज कुणी मावत नाही. आपण हाक मारीपर्यंत कुणी येऊ नका, असंही तिने बजावलं. ती गॅरेजमध्ये गेली, पेटीत बसली आणि झाकण ओढून घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फाटकाशी मधुकरकाकांना दिग्दर्शनातले बारकावे समजावत होतो.

काकांना बसायला खुर्ची हवी होती, म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. आत कोणी नव्हतं. दार रस्त्याकडे उघडं. आणि समोर आमची पेटी, झाकण बंद, कोयंड्यात कुलूप उघडं लोंबतंय.

आता तुम्हीच सांगा. मी काही विचार केला असता तर विमलचं वाक्य आठवलं असतं. पण उघडं लोंबणारं कुलूप दिसल्यावर माणूस विचार करत नाही. हात पुढे होतो. मी ते दाबलं, दोनदा ओढून बघितलं, खुर्ची उचलली, काहीतरी गुणगुणत दारापर्यंत गेलो, थबकलो, परत आलो आणि आणखी एकदा ओढून बघितलं. पक्कं होतं. मला बरं वाटलं.

आत इराने हे सगळं चिरेतून बघितलं. डोक्यावर हेडफोन, कॅमेरा चालू. तिला वाटलं गंधार आला आणि न सांगताच काहीतरी सुंदर करून गेला. ती श्वास रोखून बसली, शॉट बिघडू नये म्हणून. मग तिने झाकण वर ढकललं.

मी खुर्ची मांडली. काका बसले. मी आतून चहा आणला. तेवढ्यात गॅरेजमधून पहिली धडक ऐकू आली, मग दुसरी, मग "गाइज? हेल्प!" काकांनी कपातून मान वर केली आणि म्हणाले, "आवाज गळ्यातून येतोय. पोटातून यायला हवा." मी म्हटलं, अजून तालीम असेल. किंकाळी आली. ही मात्र काकांना पसंत पडली. कुंपणापलीकडून कॉलिनने अंगठा वर केला. रस्त्याने कुत्रा घेऊन चाललेल्या बाईंनी थांबून माझ्याकडे बघितलं आणि खिशातून माझं पत्रक काढून हलवून दाखवलं, म्हणजे काळजी करू नका, वाचलंय. मी हात जोडून आभार मानले. मला त्या क्षणी फार समाधान वाटत होतं. सगळं नियोजनाप्रमाणे चाललं होतं.

"ओरडतेय छान ती," असं म्हणून मी कौतुकाने हिरवळीकडे बघितलं. तिथे अनुष्का मांडी घालून वडा खात होती.

फिल्ममध्ये ओरडायचं काम अनुष्काचं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मी मुलं बघितली. गंधार तिथे, ती दोघं तिथे, आत शॉट चाललाय असं समजून निवांत. इरा नव्हती. माझ्या हातातला कप खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. बहुधा मी तो ठेवलाच नाही, कारण पुढे बऱ्याच वेळाने कॉलिनने तो गॅरेजच्या दाराशी फुटलेला दाखवला.

"बाबा, कुलूप," आतून इरा म्हणाली. कुणी लावलं हे तिने विचारलं नाही. गंधारनेही विचारलं नाही. काका धापा टाकत आले, त्यांनी कुलूप बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनीही विचारलं नाही. निदान शंकेचा फायदा तरी माणसाला मिळायला हवा होता.

विमलला फोन लावला. लागला नाही, म्हणजे वाजत होता आणि उचलला जात नव्हता. ओटी भरताना फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकायची तिची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे असं मीच तिला एकदा म्हणालो होतो. गंधारने तिला आणायला गाडी काढली, पण ती घरी यायला निघाली आहे की नाही आणि कुठल्या बसमध्ये आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला बसच्या रस्त्याने उलटं जायला सांगितलं.

मग मी एकशे अकरा, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, फिरवला. फोनवरच्या बाई शांत होत्या. मी पत्ता सांगितला आणि म्हटलं, माझी मुलगी पेटीत अडकलीय, ओरडतेय, लवकर या. जरा थांबून त्या म्हणाल्या, या पत्त्यावर आज चित्रीकरण असल्याची नोंद दिसतेय, आवाज खरे वाटले तरी काळजीचं कारण नाही असं घरमालकांनी कळवलंय. तुम्ही त्यांच्यापैकीच आहात का? मी म्हटलं, मीच घरमालक. त्या म्हणाल्या, मग हे फिल्ममधलं बोलणं आहे का? माझ्या आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो आणि माझ्यावर इतका अविश्वास कधी कुणी दाखवला नव्हता. शेवटी मी फोन पेटीच्या भोकाला लावला. इराने आतून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंचा स्वर बदलला आणि गाडी निघतेय म्हणाल्या.

तोवर कॉलिन बोल्टकटर घेऊन आला होता. पितळी कुलपाची ती पोलादी कडी आणि कॉलिन यांची चांगली झटापट झाली. कडीवर ओरखडा आला आणि कटरचा दात गेला. कुलपाच्या या मजबुतीचा मला नेहमी अभिमान वाटे, त्या दिवशी वाटला नाही. मग त्याने ग्राइंडर आणला, पण कुलूप आणि चीर अगदी शेजारी शेजारी, ठिणग्या थेट आत उडाल्या आणि इरा किंचाळली. ही किंकाळी पोटातून आली.  काकांनी घरून खोबरेल तेल आणलं आणि ते कुलपात सोडलं, तेवढंच आपल्या हातून.

ऊन गॅरेजच्या पत्र्यावर आलं होतं. मी भोकातून स्ट्रॉ घालून इराला पाणी पाजलं. तिची बोटं भोकाशी दिसत होती, घामाने ओली. कॉलिन पेटीभोवती फिरून म्हणाला की मागची बाजू फोडू या. मी म्हटलं, मागून नको, तिथली फळी मी बसवलीय, ती सात जन्मांत निघायची नाही, उगीच वेळ जाईल. पुढून, सुताराच्या बाजूने फोडू. माझ्या म्हणण्यातल्या खात्रीमुळे त्याने ऐकलं. आम्ही पहार घालून पुढच्या फळ्या उचकटू लागलो. आतून इरा म्हणत होती, पेटी मोडू नका, उद्याचा क्लायमॅक्स बाकी आहे. मी म्हटलं, खड्ड्यात गेला क्लायमॅक्स. त्यावर ती एकदम गप्प झाली. सुताराच्या फळ्या तसूभर हलेनात.

"इरा," मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

मी पुन्हा हाक मारली. कॉलिनने पहार थांबवली. सगळ्या गॅरेजमध्ये नुसतं पत्र्याचं कडकडणं ऐकू येत होतं. मला आयुष्यात अनेकदा भीती वाटलीय, विमानात, परीक्षेत, साहेबासमोर. पण ही तशी भीती नव्हती.  मी पेटीच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसलो, कारण तिथलं भोक तिच्या तोंडाजवळ आलं असतं. त्यात दोन बोटं घातली, तिचा हात लागतो का बघायला, आणि हाका मारता मारता ती बोटं आतल्या आत वळवून ओढली.

फळी निघाली. हिसका नाही, आवाज नाही. माझ्या हातात आली आणि मी तिच्यासकट मागे पडलो. तिचे खिळे जेमतेम लाकडात गेलेले होते. सगळ्या जगाची कुलपं ओढून बघणाऱ्या माणसाने स्वतःची फळी एवढ्या वर्षांत एकदाही ओढून बघितली नव्हती.

आतून इरा सरपटत बाहेर आली. लालबुंद, केस चिकटलेले, छातीशी कॅमेरा. तिला काही लागलं नव्हतं. ती रडत होती आणि रडण्याचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंड दाबून धरलं होतं, म्हणून गप्प होती. मी तिला जवळ घ्यायला गेलो. ती हिरवळीवर जाऊन बसली आणि कॉलिनचा ओला टॉवेल डोक्यावर घेतला.

बरोबर त्याच वेळी आगीचा बंब आला आणि त्याच्या मागोमाग गंधारची गाडी, वाटेत बसस्टॉपवर सापडलेल्या विमलसकट. विमल ओटीच्या नारळासह धावत आत आली, पर्समधून छल्ला काढला, कुलूप उघडलं, झाकण वर केलं. पेटी रिकामी होती. मागून उजेड येत होता. तिने मागे वळून हिरवळीवर इराला बघितलं, सुटकेचा मोठा श्वास सोडला, झाकण बंद केलं, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. बंबावरचा माणूस हे लक्ष देऊन बघत होता. मी त्याला, आमच्याकडची पद्धत आहे, एवढंच सांगितलं.

एवढं सगळं परवडलं, पण मला परवडलं नाही ते इराचं वाक्य. संध्याकाळी मुलं गेल्यावर मी तिला चहा घेऊन गेलो. तिने कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "मला ऐकू येत होतं, बाबा. यू वर हॅविंग टी."

मी कप परत नेला.  रविवारी शूटिंग झालं नाही. सोमवारी अनुष्का टौरंगाला गेली. इरा वेलिंग्टनला मैत्रिणीकडे राहायला गेली आणि आमच्या मेसेजना अंगठा पाठवू लागली. गल्लीत मी आता कुणाला काही सांगू शकत नव्हतो. मधुकरकाका भेटले की हमखास, फळी कशी आहे, असं विचारत. विमलने एका शब्दाने मला टोचलं नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. मला एकच वाटत होतं, की तिने इतक्या वर्षांनी एक गोष्ट मागितली आणि मी ती कुलूप लावून बंद केली.

मग एक दिवस तिचा मेसेज आला. महोत्सवात फिल्म घेतलीय. शनिवारी दुपारचा खेळ. यायचं असेल तर या.

छोटंसं थिएटर होतं, काळ्या कपड्यांतल्या मुलामुलींनी भरलेलं. फिल्म सुरू झाली. गंधार बऱ्यापैकी दुष्ट दिसला होता. माझे पाय आणि सिग्मा पडद्यावर सुबक दिसले, हे मी विमलला कोपराने दाखवलं. मग अनुष्काला पेटीत कोंडलं आणि पडदा काळा झाला. नुसता श्वास. मग एक चीर, तिच्यातून उजेड. त्या उजेडात एक हात आला. पुरुषाचा हात, मनगटावर घड्याळ आणि गणपतीतला लाल दोरा. हाताने कुलूप दाबलं. खटका वाजला. हाताने ते ओढलं. पुन्हा ओढलं. कुणीतरी गुणगुणत होतं, अगदी निवांत, घरच्यासारखं. पावलं लांब गेली. थिएटरमध्ये लोकांनी श्वास सोडला. आणि मग पावलं थबकली. पावलं परत आली. हाताने आणखी एकदा ओढून बघितलं.

आमच्या पुढच्या रांगेतली मुलगी किंचाळली. मी पण दचकलो.

पुढे पडद्यावर काहीच नव्हतं. काळोख, धडका, हाका. आणि त्या हाकांच्या मागे, बाहेरून येणारे आवाज. कपबशीची किणकिण. कुणाचं तरी हसणं. आवाज गळ्यातून येतोय, असं समजूतदारपणे सांगणारा एक म्हातारा, खाली इंग्रजी भाषांतरासह. कुणी येत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं की गंमत चाललीय. मला तिथे बसवेना. विमलने माझा हात धरला, तो नेमका तोच हात होता. भूत शेवटपर्यंत आलंच नाही, त्याची गरजच पडली नाही. फिल्म तिथेच संपली.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. एका दाढीवाल्याने विचारलं, परत येऊन तिसऱ्यांदा कुलूप ओढायचं हे कसं सुचलं, त्याने अंगावर काटा आला. तो नट कोण? इराने माइक हातात घेतला. मला वाटलं आता सांगते सगळं.

"माय डॅड," ती म्हणाली. "ही जस्ट लाइक्स टु बी शुअर वी आर सेफ."

लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

बाहेर पडल्यावर जेवायला जायचं ठरलं. वाटेत गाडीत विमलची पर्स ठेवली, मी गाडी लॉक केली आणि दार ओढून बघितलं, एकदा, पुन्हा एकदा. आम्ही तिघं चालू लागलो. कोपऱ्यावर माझे पाय थबकले. मी मनाशी ठरवलं, आज नाही, तिच्यासमोर तरी नाही, आणि जिवाच्या कराराने पाऊल पुढे टाकलं.

इरा दोन पावलं पुढे जाऊन थांबली. मागे वळून गाडीकडे बघत राहिली.

"एक मिनिट हं, बाबा," म्हणाली, आणि परत जाऊन दार ओढून बघून आली.